गीता कोणी शिकविली?

गेल्या अंगारकीस आम्ही राजुरास आप्तांकडे उतरलो होतो. दर्शन आटोपून परतलो तो ओसरीवर आजोबा व नात यांचा वाद जुंपलेला. मुलीस शाळेतून इंग्रजी वाक्यांचे प्रयोग बदलून आणावयाचे होते. वरेण्य राजाला गजाननाने गणेशगीता सांगितली ते राजसदन हेच, अशी या क्षेत्राची श्रद्धा. म्हणून आजोबांनी वाक्य घातले, 'गजानन टॉट द गीता.' मुलीने मनात मराठी केले, 'गजाननाने गीता शिकविली', आणि म्हणाली, "आजोबा, हे तर कर्मणीच आहे. मग बदलायचे काय?" आजोबांनी तिला आळशी ठरविले.

आमच्या मते मुलगी आळशी नव्हती. मराठी व्याकरण तिला चांगले येत होते, इतकेच. 'शिकविली' हे क्रियापद गीतेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तेव्हा प्रयोग कर्मणी खराच. 'गजानन गीता शिकवितो' म्हणताच तो कर्तरी होतो. म्हणजे काळ पालटला की आमचा प्रयोगही पालटतो. इंग्रजीचे तसे नाही. तेथे वाक्याच्या अग्रस्थानी करणारा बसला आहे की ज्यावर क्रिया घडली ते, एवढेच पाहतात. काळ कोणताही असो.

म्हणून हा अभ्यास करताना मराठीच्या वाटेने जाऊच नये. कर्म पुढे आणावे, मूळ वाक्याच्या काळातले 'बी' क्रियापद ठेवावे, मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप घ्यावे: 'द गीता वॉज टॉट बाय गजानन.' घाईत 'वॉज'चे 'इज' होते, तेथेच बहुतेक गुण जातात. 'बाय गजानन' गाळले तरी वाक्य उभे राहते. कर्त्याचे नाव झाकण्याची ही सोय कचेरीतील पत्रांना फार प्रिय!

'गजाननाकडून गीता शिकविली गेली' असे मराठीत म्हणता येते. व्याकरणात यास 'नवीन कर्मणी' म्हणतात. इंग्रजीच्या सहवासाने आलेला हा पाहुणा घरच्या बोलण्यात अजून अवघडूनच बसतो.

इतके समजावून होते तो माजघरातून आजी म्हणाल्या, "आता माझ्याने जालन्याहून पायी येववत नाही हो!" मुलीने लगेच विचारले, "याचे पॅसिव्ह?" येणे अकर्मक, कर्मच नाही, तर पुढे काय आणणार? 'येववत' या एका रूपातली असमर्थता सांगावयास इंग्रजीला 'कॅन' हे निराळे क्रियापद जोडावे लागते. आजोबा हसले, आणि वहीतले आपले वाक्य त्यांनी स्वतःच बदलून दिले. 'वॉज'च्या जागी त्यांनी 'इज' लिहिले होते.