कापसाचें बीं आणि बाजारचा भाव

पुलगांवच्या बाजारांत कापसाची गाडी उभी राहिली म्हणजे अडत्या ओल पाहतो, कचरा पाहतो आणि रुई किती उतरेल याचा अदमास घेतो. धागा किती बारीक व किती बळकट, हें पुसणारा विरळा. आणि बीं कोणत्या जातीचें, हें तर कोणी पुसतच नाहीं. या न पुसण्याची किंमत आमच्या जिल्ह्यानें एकदां मोजलेली आहे.

याच वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटचा 'बनी' कापूस एकोणिसाव्या शतकांत बारीक धाग्याबद्दल नांवाजलेला होता. पुढें आंखूड व जाड्या धाग्याच्या, पण अधिक रुई देणाऱ्या जातींनीं त्यास शेतांतून हुसकून लावलें. शेतकऱ्यास दोष कां द्यावा? बाजार वजनास भाव देत होता. त्यानें वजन पेरलें. बाहेरचा हलका कापूस चांगल्या मुलखांत आणून मिसळण्याची चाल तर इतकी वाढली, कीं ती आवरण्यासाठीं १९२३ सालीं कापूस-वाहतुकीचा कायदा करावा लागला.

आज रूप निराळें दिसतें, परंतु रोग तोच आहे. २००२ सालीं बीटी बियाण्यास परवानगी मिळाली. २००६ सालीं दोन जनुकांचें बीं आलें. दुकानांत पिशव्यांवरचीं नांवें अनेक. बोंडअळीविरुद्धची ढाल मात्र बहुतेकांची एकच. ती ढाल अळीनें भेदली, आणि २०१७ सालीं विदर्भांत उभ्या पिकाचीं बोंडें पोखरलीं गेलीं.

यावर खरा उपाय म्हणजे निरनिराळ्या कुळांच्या जातींचा संकर. देशी कापसाच्या पेशींत २६ गुणसूत्रें, अमेरिकन कापसाच्या ५२. म्हणून हा संकर सहजीं फळत नाहीं. तरीही अवर्षण व तुडतुडे सोसण्याचा देशी जातींचा गुण हवा असेल, तर त्या जाती आधीं जिवंत राहिल्या पाहिजेत. नागपुरास १९७६ सालीं स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था त्यांचें बीं जतन करीत आहे. अकोल्याचें कृषि विद्यापीठही नवीं वाणें काढीत आहे. परंतु बाजारानें निराळा भाव दिला नाहीं, तर तें बीं कपाटांतच राहणार.

व्यापारी म्हणतील, थोड्या मालाचा ढीग वेगळा ठेवणें परवडत नाहीं. एकट्यास परवडणार नाहीं, हें खरें. म्हणूनच बाजार समितीनें धागा मोजण्याचें यंत्र ठेवावें, जात व लांबी पाहून भाव फळ्यावर लिहावा, आणि जिनवाल्यांनीं निवडक वाणांची सरकी वेगळी राखावी. 'बनी' गेला तेव्हां आमच्या वाडवडिलांस पुढचें दिसलें नसेल. आम्हांस ती सबब उरलेली नाहीं.