मेजावरची महामारी

दिवाळीत आमच्या पेठेतली पोरे दारापुढे मातीचा किल्ला रचतात. बुरुजांवर मावळे उभे राहतात, पायथ्याशी मोहरीची हिरवी शेते उगवतात, वर सिंहासनावर महाराज बसतात. किल्ला कितीही देखणा झाला, तरी त्यावरून तोफ डागता येईल असे सहा वर्षांच्या पोरालाही वाटत नाही. ही अक्कल जगातल्या काही थोर मंडळींना मात्र अजून आलेली दिसत नाही!

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना रोगराईचा विषय काढतो आहे. पण विषय मेजाचाच आहे. साथ आली असे समजून मंत्री, सेनाधिकारी, पेढीवाले आणि औषध-कंपन्यांचे चालक ह्यांना एका मेजाभोवती बसवावयाचे, लुटुपुटीच्या बातम्या पडद्यावर दाखवावयाच्या आणि ‘आता आपण काय कराल?’ असे विचारावयाचे, ह्या प्रकाराला ‘टेबलटॉप एक्सरसाइज’ म्हणतात. २००१ साली अमेरिकेत देवीच्या जंतूंचा हल्ला झाला असे धरून ‘डार्क विंटर’ नावाचा असा खेळ झाला. पुढे १८ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात ‘इव्हेंट २०१’ झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची आरोग्यसुरक्षा संस्था, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि गेट्स फाउंडेशन हे यजमान. ब्राझीलमधल्या डुकरांतून माणसांत आलेला एक काल्पनिक करोना विषाणू दीड वर्षात साडेसहा कोटी माणसे मारतो, अशी गोष्ट रचलेली होती.

वर्ष संपता संपता चीनमधून खऱ्या करोनाची बातमी आली, आणि आमच्या चौकातल्या पंडितांनी निदान केले, ‘बघा, ह्यांनीच आणला!’ हा शुद्ध गाढवपणा आहे. बंबवाल्यांनी आगीची तालीम केली म्हणून आग त्यांनीच लावली काय? करोनाच्या कुळातला सार्स २००३ साली आणि मर्स २०१२ साली जगाने पाहिलेला होता. तिसरा भाऊबंद येईल हे ओळखावयास कारस्थान लागत नाही. माझे भांडण त्या मंडळींच्या हेतूशी नाही. ते मेजाभोवतीच्या खुर्च्यांशी आहे, आणि मेज आवरल्यानंतर जे होते, त्याच्याशी आहे.

मी अवघा मॅट्रिक झालेला मास्तर. मला सराव-परीक्षा तेवढी कळते. तिचा उपयोग पेपर तपासून पोरांच्या हाती परत दिला तरच. इंग्लंडने ऑक्टोबर २०१६ मध्ये इन्फ्लुएंझाची अशीच मोठी तालीम केली, ‘एक्सरसाइज सिग्नस’. आपली तयारी भयंकर साथीला पुरणारी नाही, असा निष्कर्ष निघाला. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला केव्हा? ऑक्टोबर २०२० मध्ये, साथ घरात शिरून माणसे मेल्यावर! म्हणजे मास्तराने तपासलेले पेपर कपाटात कुलूपबंद केले आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर वाटले.

गुणपत्रिकेची गंमत तर निराळीच. त्याच ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या संस्थेने इतरांच्या सहकार्याने १९५ देशांना साथीच्या तयारीचे गुण दिले. अमेरिका पहिली, इंग्लंड दुसरे, आपण ५७वे. त्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याकडे पुढे दहा लाखांहून अधिक माणसे दगावली.

आता सोलापुरात या. इथे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बोळात नांदतात. यंत्रमागाचा खडखडाट थांबला की घराची चूल थांबते. हजारो बायका घरी विड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणावयाची, हजारावर मजुरी घ्यावयाची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली; पान बंद, तंबाखू बंद, मजुरी बंद. ‘घरात बसा, अंतर ठेवा’ असे सांगण्यात आले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांनी अंतर कोठे ठेवावयाचे? ‘वीस सेकंद हात धुवा’ असेही सांगण्यात आले, आणि त्या वेळी आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येत होते. न्यू यॉर्कच्या मेजावर विमान-कंपन्या आणि बाजारपेठा ह्यांची चिंता झाली. तीही करावी, पण विडीवालीची आठवड्याची मजुरी कोण देणार, हा प्रश्न त्या मेजावर येण्याची सोय कोठे होती?

पुढे आम्हा मास्तरांच्या हाती तापमापक देऊन घरोघर धाडण्यात आले. एका दारी एका म्हातारीने मला तेलुगूत विचारले, ‘ताप आहे म्हटले तर मला नेतील काय?’ शेजारच्या पोराने भाषांतर केले. ‘नेतील, आणि परतही आणतील’ असे मी सांगितले. पण तिने दार लावून घेतले. अशी दारे लागली म्हणजे कागदावर साथ ओसरलेली दिसते!

हे दार लावून घेणे नवे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा रँडसाहेबाजवळ हुकूम होते, शिपाई होते, छावण्या होत्या. लोकांचा विश्वास तेवढा नव्हता. गोरे सोजीर माजघरात शिरू लागले तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपविली. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. रोग तोच, एकाला पाहून दारे लागत होती आणि दुसरीकडे रोगी येत होते. ह्यावर कोठल्या मेजावर खल झाला आहे काय? उलट त्या फेब्रुवारीत इंग्रजाने केलेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. वय वर्षे १२३!

तालीमच नको असे मी म्हणत नाही. आमच्याकडे तालीम म्हणजे लाल मातीत अंग घुसळणे. खुर्चीवर बसून कुस्ती होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने राजस्थानात अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ केला. माणसांचे, जनावरांचे आणि रानाचे डॉक्टर एकत्र उतरविले. प्राण्यांतून माणसांत येणारा रोग धरून पाच दिवस प्रत्यक्ष जिल्ह्यात पथके राबली. हे मला पटते. चुकले तर तेथेच चुकते, आणि दिसते.

आमच्या जिल्ह्यात तर पंढरपूर आहे. आषाढीला लाखो माणसे चालत येतात. त्यांचे पाणी, शौचकूप, दवाखाने ह्यांचा बंदोबस्त दरसाल होतो. २०२० साली मात्र पादुका एस्.टी.च्या गाडीतून आल्या आणि वाळवंट रिकामे राहिले. वारी चालू असताना वाखरीच्या तळावर एखादी साथ फुटली तर पहिला निरोप कोणी कोणाला द्यावयाचा, दिंडीकऱ्याचे ऐकून कोण थांबेल, आणि थांबलेल्यांना जेवू कोण घालील, ह्याची तालीम वारीपूर्वी महिनाभर आधी करा. मेजाभोवती कलेक्टरसाहेब बसोत. पण शेजारी आशाताई, दिंडीचे चोपदार, रेशन दुकानदार, पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस आणि तेलुगू बोलणारी एक विडीवाली बसली पाहिजे. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चारही भाषांत पेठेच्या भिंतीवर लागले पाहिजे.

हॉटेलची गरज नाही. आमची शाळा रविवारी रिकामी असते. चार बाके जोडली की मेज होते.