मशीद चालते, मिनार खुपतो

विश्लेषण / विशेष प्रतिनिधी

स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावरील बंदी १ जानेवारी २०२५पासून अमलात आली. नियम मोडल्यास एक हजार फ्रँकपर्यंत दंड होऊ शकतो. ७ मार्च २०२१च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतदारांनी या बंदीच्या बाजूने कौल दिला होता. घटनादुरुस्तीत बुरख्याचा उल्लेख नाही. प्रचार मात्र 'बुरखाबंदी' याच नावाने झाला. ल्युसर्न विद्यापीठातील संशोधकांच्या अंदाजानुसार, त्या देशात चेहरा झाकणाऱ्या मुस्लिम महिला जेमतेम तीन डझन होत्या. मग रोजच्या जीवनात सहसा दृष्टीसही न पडणाऱ्या गोष्टीसाठी राज्यघटना बदलावी, असे लाखो नागरिकांना का वाटले?

या प्रश्नाचे उत्तर २००९च्या मिनारबंदीत सापडते. सोलोथर्न प्रांतातील वांगेन या गावी तुर्की सांस्कृतिक संघटनेने आपल्या इमारतीवर सहा मीटर उंचीचा मिनार बांधण्याची परवानगी मागितली. नमाजाची खोली इमारतीत होतीच. मिनाराचा अर्ज येताच मात्र शेजाऱ्यांच्या हरकती सुरू झाल्या आणि स्थानिक प्रशासनाने परवानगी नाकारली. २००७मध्ये संघीय न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तोवर हा वाद देशव्यापी झाला होता. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतदारांनी नव्या मिनारांना बंदी घातली. त्या वेळी देशभरात मिनार होते अवघे चार आणि त्यांपैकी एकावरूनही अजान दिली जात नव्हती.

सरकार, संसद आणि ख्रिस्ती धर्मगुरू या बंदीच्या विरोधात होते. मतदानपूर्व चाचण्यांतही बंदीचे समर्थक अल्पमतात दिसत होते. बहुतेक स्विस मतदार टपालाने मत देतात. चाचणी घेणाऱ्याला जे सांगणे अवघड वाटले, ते अनेकांनी घरी बसून मतपत्रिकेवर लिहिले असावे. श्रद्धा घरात ठेवा, असे मुस्लिमांना सांगणाऱ्या बहुसंख्याकांनी आपला पूर्वग्रहही घरातच जपला होता! जिनिव्हात सुमारे साठ टक्के मतदारांनी बंदी नाकारली. मुस्लिम वस्ती तुरळक असलेल्या आपेन्झेल इनररोडेन या डोंगराळ प्रांतात एकाहत्तर टक्क्यांनी ती उचलून धरली. शेजार कमी तेथे भीती जास्त, असे हे चित्र आहे.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे मात्र सरसकट झटकून टाकता येणार नाही. मशिदीला मिनार असलाच पाहिजे, असा धर्माचा दंडक नाही. चेहरा झाकण्याची सक्ती होत असेल तर ती स्त्रीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, हेही खरे. परंतु सक्ती रोखणे वेगळे आणि स्वेच्छेने पेहराव करणाऱ्या स्त्रीला दंड करणे वेगळे. पहिल्यात तिच्या इच्छेचा मान आहे, दुसऱ्यात तो नाही.

बहुसंख्याकांची स्वतःची चिन्हे त्यांना धर्म म्हणून दिसतच नाहीत, ही खरी मेख आहे. चर्चचा मनोरा ही 'संस्कृती' आणि मिनार हे 'आक्रमण' ठरते. न्यायालयेही या दृष्टीपासून पूर्णतः मुक्त नाहीत. जिनिव्हातील एका प्राथमिक शिक्षिकेचा हिजाब लहान मुलांवर प्रभाव टाकणारे ठळक चिन्ह असल्याचे मत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००१मध्ये नोंदवले. त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०११मध्ये इटलीतील वर्गांच्या भिंतींवरील क्रूस हे निष्क्रिय चिन्ह मानून कायम राहू दिले. दोन्ही खटल्यांचे तपशील भिन्न आहेत, हे मान्य केले तरी ही तफावत नजरेत भरते.

घरातील श्रद्धेला कुणाची हरकत नसते. तेथे संरक्षणाची गरजही फारशी नसते. धर्मस्वातंत्र्याचा कस लागतो तो रस्त्यावर, शाळेत आणि गावाच्या क्षितिजरेषेवर. तेथे ते केवळ बहुमताच्या मर्जीने मिळणार असेल, तर त्याला हक्क म्हणता येणार नाही. ती परवानगी झाली आणि परवानगी पुढच्या मतदानात काढूनही घेता येते.