खहर, नॅन आणि पाटणचा मठ

मराठी भाषेचा इतिहास ज्यांनी शिकला वा शिकवला आहे, त्यांना पाटणचा शिलालेख ठाऊक असतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, शके ११२८ चा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृत. शेवटी काही ओळी जुन्या मराठीत. आपल्या अभ्यासक्रमांत येतात त्या या शेवटच्या ओळी. त्यांतील विभक्तिप्रत्यय मोजले जातात, क्रियापदांची रूपे फळ्यावर लिहिली जातात आणि तास संपतो. बाजारात खपणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा ज्या मठाला दिल्याचे त्या ओळी सांगतात, त्या मठात काय शिकवले जात होते, हा प्रश्न मराठीच्या वर्गात क्वचितच निघतो.

उत्तर त्याच दगडावर, संस्कृत भागात आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी हा मठ स्थापिला. (हा चांगदेव पासष्टीतला नव्हे, हे सांगणे अनाठायी ठरू नये.) म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला गेलेला साहित्याचा विद्यार्थी रामदेवराव आणि हेमाद्री आठवतो, त्याच राज्याच्या छायेत, उत्तरेकडील डोंगरांपलीकडे, शून्याने भागल्यास काय होते याचे अध्ययन करण्यासाठी बाजारकराचा वाटा तोडून दिला गेला होता.

आता आमचा मुद्दा. ‘शून्याने भागले की अनंत, हे भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी सांगितले, आजचा संगणक तेच करतो’ असे वाक्य हल्ली व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. टाळ्या पडतात. या वाक्यात भास्कराचार्य वाचलेले नसतात आणि संगणकही.

संगणकाचे आधी पाहू. दशांशचिन्ह सरकते ठेवून संख्या मांडण्याच्या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. पूर्वी अशा गणितात निरर्थक उत्तर आले की प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीने वागे. कुठे काम ठप्प होई, कुठे भलतीच संख्या पुढे सरके. १९८५ साली आयट्रिपलई ७५४ हे मानक आले. त्यामागील मुख्य नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम केहन यांचे. या मानकानुसार एकाला शून्याने भागले तर ‘अनंत’ मिळते. पण शून्याला शून्याने भागले, अनंतातून अनंत वजा केले, तर ‘नॅन’ मिळते. नॅन म्हणजे ‘नॉट अ नंबर’, संख्या नव्हे. गंमत अशी की जावास्क्रिप्ट या भाषेत नॅनची जात विचारली तर उत्तर येते, ‘संख्या’!

नॅनचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. त्यात काही मिळवा, त्याला कशाने गुणा, उत्तर नॅनच. आणि नॅन नॅनशीही समान नसतो: ‘तू तूच आहेस का?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘नाही’. विक्षिप्त वाटते, पण युक्ती प्रामाणिक आहे. यंत्र थांबत नाही, खोटेही बोलत नाही. गणितात कुठे तरी अर्थ हरवला, एवढी खूण शेवटपर्यंत वाहून नेते. काय हरवले, हे मात्र तिच्यावरून सहसा कळत नाही.

भास्कराचार्यांचा मार्ग याहून वेगळा आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले होते. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या मते शून्याने भागलेली संख्या होती तशीच राहते. भास्कराचार्य ‘बीजगणिता’त शून्य हा छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणतात: तीत कितीही मिळवा वा वजा करा, विकार होत नाही, जसा सृष्टीच्या उत्पत्तिलयाने अच्युताला होत नाही. व्याख्यानांत येते ते एवढेच. ‘लीलावती’तले एक उदाहरण मात्र कोणी सांगत नाही. अशी कोणती संख्या, की जिला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले असता त्रेसष्ट येतात? उत्तर, चौदा. कारण पुढे आणखी क्रिया उरल्या असतील तर शून्याने गुणलेल्या राशीला लगेच शून्य म्हणायचे नाही. ती ‘खगुण’ म्हणून तशीच ठेवायची. पुढे शून्याने भागणे आले की शून्याला शून्य जाते आणि मूळची राशी मोकळी होते.

हेच गणित संगणकाला घाला. चौदाला शून्याने गुणताच तो चौदा विसरतो. शेवटी शून्य भागिले शून्य उरते आणि पडद्यावर नॅन. आजच्या बीजगणिताच्या नियमांत भास्कराचार्यांची रीत बसत नाही, हे खरे. तरी ग्रहगणितात हिचा मोठा उपयोग आहे असे ते स्वतः नोंदवतात, आणि पुढच्या अभ्यासकांना तीत सीमेच्या कल्पनेची चाहूल लागली, तीही उगाच नव्हे. एक रीत हरवल्याची नोंद ठेवते, दुसरी काहीच हरवू देत नाही. या दोन रीतींना ‘तेच’ म्हणणे हा दोघांचाही अपमान आहे.

साहित्याच्या माणसांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्याकडे दोन्ही रीती नाहीत म्हणून. मुकुंदराज अंबेजोगाईचे की आंभोऱ्याचे? ‘विवेकसिंधू’चा शके १११० हा काळ निर्विवाद आहे काय? भास्कराचार्यांचे विज्जडविड नेमके कुठले? विद्वानांत मतभेद आहेत. पण आमच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत चार पर्याय असतात आणि त्यांत ‘अनिर्णीत’ हा पर्याय नसतो. शिलालेखाचा संपादक झिजलेल्या अक्षरापाशी कंस घालतो. मार्गदर्शकात येईपर्यंत तो कंस गळून पडतो आणि अंदाज हाच पाठ होऊन बसतो. निकालपत्रकात गैरहजर आणि शून्य यांची गल्लत झाली तर आपण रजिस्टर परत पाठवतो. रिकाम्या रकान्याची सरासरी काढू गेले तर एक्सेलसुद्धा चूक दाखवते. वाङ्मयेतिहासाच्या रकान्यात मात्र आम्ही बिनदिक्कत आकडा भरतो, आणि पुढची पिढी त्या आकड्यावर बेरजा करते.

तेव्हा एक साधी सूचना. पाटणच्या लेखाच्या मराठी ओळी शिकवताना त्याच तासाला ‘लीलावती’तला त्रेसष्टचा प्रश्न फळ्यावर लिहावा, शेजारी संगणकावर तो करून दाखवावा, आणि त्या बाजारकराच्या पैशांवर बसून शिकणाऱ्या मुलांनी उत्तर काय दिले असेल ते आपल्या मुलांना विचारावे. प्रत्ययांची मोजणी नंतरही करता येईल.