उक्कू, व्हॅनेडियम आणि परचेस डिपार्टमेंट

‘आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं’ हे वाक्य कुणी सुरू केलं की मी हळूच मेसकडे निघते. विमान होतं, प्लास्टिक सर्जरी होती, काय नव्हतं! मला आज नेमकं उलट म्हणायचं आहे. आपल्या पूर्वजांना एक फार मोठी गोष्ट करता येत होती, पण ती का जमते हे त्यांना माहीत नव्हतं. आजच्या कंपन्यांना इतिहासाकडून काही शिकायचं असेल तर ते इथे आहे.

गोष्ट पोलादाची आहे. दक्षिण भारतात, म्हणजे आजच्या तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगणा या भागात, दोन हजार वर्षांहून अधिक काळ एक खास पोलाद बनत असे. कन्नड आणि तेलुगूत त्याला ‘उक्कू’ म्हणतात. विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीचं नाव उक्कूनगरम आहे ते यावरूनच. साहेबाच्या तोंडी त्याचं ‘वुट्झ’ झालं. कृती ऐकायला सोपी वाटते. मातीची मूस घ्यायची. (लॅबमध्ये आपण क्रूसिबल म्हणतो ती. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा मराठी शब्द मला या लेखासाठी शोधावा लागला!) तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाचं वाळलेलं लाकूड आणि रुईची पानं भरायची, तोंड मातीने लिंपायचं, कोळशाच्या भट्टीत कित्येक तास ठेवायची आणि मग सावकाश गार होऊ द्यायची. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात मुरतो, साधारण दीड टक्का. मूस फोडली की आत पोलादाची छोटी ढेप.

या ढेपा इराण-सीरियापर्यंत जात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलादेखील तेलंगणातल्या कोनसमुद्रमला इराणी व्यापारी त्या घेण्यासाठी येत होते. तिकडचे लोहार त्यांच्या तलवारी घडवत आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. हीच ती दमास्कसची तलवार. आमच्या इंग्लिशच्या बाईंनी वॉल्टर स्कॉटच्या ‘द टॅलिस्मन’मधला सलाउद्दिन रेशमी बुरखा तलवारीने हवेत कापतो तो प्रसंग सांगितला होता. तो काल्पनिक आहे, पण त्यातल्या तलवारीची कीर्ती खरी होती. आणि त्या तलवारीचं पोलाद आपल्या शेजारच्या राज्यातून गेलं असू शकतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पुढे युरोपला याचं वेड लागलं. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. आपला मायकेल फॅरडे (होय, इलेक्ट्रिकलवाल्यांचा तोच फॅरडे, आणि तो लोहाराचा मुलगा) १८२० च्या आसपास या पोलादामागे लागला होता. त्याचा तर्क चुकला. युरोपातल्या लोहारांनी ढेप त्यांच्या सवयीप्रमाणे पांढरी होईपर्यंत तापवली आणि घण मारला, की तिचा चुरा होई. आणि गंमत म्हणजे याच काळात मूळच्या कारागिरांचीही ही कला संपत आली होती. एकोणिसाव्या शतकानंतर तशी नक्षी कुणाला काढता येईना.

का? याचं एक उत्तर १९९८ मध्ये आलं. अमेरिकेतले मेटलर्जीचे प्राध्यापक जॉन व्हेरहोवेन आणि फ्लोरिडातला लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षं एकत्र काम करून दाखवलं की त्या लहरी उमटायला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अंश लागतो. किती? ०.०१ टक्क्याहूनही कमी पुरतो! तो असला तर वारंवार तापवून ठोकताना आयर्न कार्बाइडचे कण ओळीने बसतात आणि पट्टे दिसतात. नसला तर तोच लोहार, तीच भट्टी, तोच घण, पण नक्षी नाही. हा अंश विशिष्ट खाणीच्या दगडातून आपोआप येत होता. खाण बदलली, दगड संपला, की सगळं तसंच करूनही माल बिघडणार. दोन-चार पिढ्या असं झालं की मुलगा बापाचा धंदा सोडणार. स्वस्त विलायती पोलाद वगैरे इतर कारणंही होतीच, आणि सगळे तज्ज्ञ एका कारणावर थांबत नाहीत. पण एक गोष्ट नक्की. व्हॅनेडियम हे मूलद्रव्य पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं १८०१ मध्ये. म्हणजे ज्या वस्तूवर अख्खा धंदा उभा होता, तिला नावसुद्धा नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ते बिचारे अशिक्षित लोहार होते, आजच्या कंपन्यांकडे आयएसओ आहे, एसओपी आहेत. ठीक आहे. मग अमेरिकेचं ऐका. त्यांच्या अण्वस्त्रांत ‘फॉगबँक’ नावाचा एक गुप्त पदार्थ वापरला जातो. टेनेसीतल्या कारखान्यात तो १९८९ पर्यंत बनला, नंतर उत्पादन बंद. २००० मध्ये ठरलं की जुन्या शस्त्रांची दुरुस्ती करायची, फॉगबँक पुन्हा बनवा. बघतात तर कागदपत्रं अपुरी आणि बनवणारे जवळजवळ सगळे रिटायर! नवा कारखाना उभारला, जुनी कृती तशीच केली, तरी माल जमेना. शेवटी कळलं की आता कच्चा माल जास्त स्वच्छ केला जात होता, आणि पूर्वी त्यात एक अशुद्धी राहून जायची, तिच्यामुळेच पदार्थ नीट बनत होता. जुन्या इंजिनिअर्सनाही हे माहीत नव्हतं. एका वर्षाहून अधिक उशीर आणि ६ कोटी ९० लाख डॉलर जादा खर्च, असा हिशोब २००९ च्या सरकारी अहवालात आहे.

उक्कूचा लोहार आणि ओक रिजचा इंजिनिअर एकाच जागी अडकले. म्हणूनच ‘सगळं लिहून ठेवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. लिहून आपण तेवढंच ठेवतो जेवढं आपल्याला कळलेलं असतं. आता तर सगळी मॅन्युअल्स एआयला खायला घालायची टूम आहे. घाला की! पण जे मॅन्युअलमध्ये कधी नव्हतंच ते ते बिचारं कुठून काढणार?

गेल्या सुट्टीत मी इनप्लांट ट्रेनिंगला एका फाउंड्रीत होते. नाव सांगत नाही. तिथे साचे बनवणारे एक मामा आहेत, तीस वर्षं तेच काम. वाळू मुठीत दाबतात, तिचे दोन तुकडे करतात, तुटलेली कड बघतात आणि पाणी कमी का जास्त ते सांगतात. आमच्या बॅचमधल्या एकाने मॉइश्चर टेस्टरवर ताडून बघितलं, मामा बरोबर होते. त्या महिन्यात कास्टिंगचं रिजेक्शन अचानक वाढलं. मीटिंगा झाल्या, भट्टीवर संशय, ऑपरेटरवर संशय. मामा मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “वाळू बदलल्याय बघ पोरी.” आणि खरंच, परचेस डिपार्टमेंटने स्वस्त कोटेशनवर नवा सप्लायर घेतला होता. सर्टिफिकेट अगदी तेच, सिलिका तेवढीच, कणांचा आकडा तोच. फक्त जुन्या वाळूचे कण गोल होते आणि नव्याचे टोकदार. कणांचा घाट सर्टिफिकेटवर नव्हता, कारण तो कधी कुणी मागितलाच नव्हता! मामांना एकाही मीटिंगला बोलावलं नाही. ते येत्या मार्चमध्ये रिटायर होतात आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी दिलेलं नाही. कॉस्ट कटिंग म्हणे.

माझं म्हणणं फार भारी नाही. सप्लायर बदला, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जुन्या मालाची एक गोणी सील करून ठेवा म्हणजे उद्या ताडून बघता येईल. माणूस रिटायर होण्याआधी निदान सहा महिने एक नवा मुलगा किंवा मुलगी त्याच्याजवळ उभी करा. आणि रिजेक्शन वाढलं की पहिला प्रश्न हात लावणाऱ्याला विचारा. याला खर्च आहे हे मला कळतं. पण फाउंड्रीच्या त्या एका महिन्यात भंगारात गेलेल्या मालाचं बिल कुणीतरी त्या स्वस्त कोटेशनशेजारी ठेवून बघायला हवं होतं.

पुढच्या सेमिस्टरला कंपन्या कॅम्पसवर येतील. प्री-प्लेसमेंट टॉकच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतात, तेव्हा मी विचारणार आहे की तुमच्या शॉप फ्लोअरवरून शेवटचा जुना माणूस रिटायर झाला, त्याच्याजवळ किती दिवस कोण बसलं होतं? रूममेट म्हणते, आधी पॅकेज विचार. तेही विचारीन.