लेखणी तासणाऱ्यांची बाजू

संगणकाच्या धंद्यांतील कित्येक शहाण्या लोकांनीं हल्लीं एक नवें नीतिवचन प्रचारांत आणलें आहे. तें असें कीं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणानें आपल्या संपादकाच्या, म्हणजे ज्या साधनांत तो प्रोग्रॅमचा मजकूर लिहितो व सुधारतो त्या साधनाच्या, रचनेंत हात घालूं नये. बाजारांतून तें जसें येईल तसें वापरावें व मुकाट्यानें कामास लागावें. जो लेखणीच तासीत बसला तो लिहिणार केव्हां, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड दिसतो. परंतु त्यांत व्यवहार थोडा आणि आळस फार आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या वादांत ज्याच्यावर मुख्य रोख असतो तें साधन म्हणजे ईमॅक्स. १९७६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी.च्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील प्रभृतींनीं एका जुन्या संपादकावर आज्ञांचे जे संच रचले त्यांतून तें जन्मास आलें. आणि आज चालू असलेलें ग्नू ईमॅक्स स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं लोकांच्या हातीं दिलें. त्याचा गाभा सी भाषेंत असला तरी बाकीचा बहुतेक भाग लिस्पच्या एका बोलींत लिहिलेला आहे, व ती बोली वापरणाऱ्यासहि खुली आहे. अमुक कळ दाबली असतां काय घडतें, हें ईमॅक्सलाच विचारतां येतें. त्या आज्ञेचा मूळ मजकूर उघडतां येतो आणि साधन बंदहि न करतां तो बदलून पाहतां येतो. इतर साधनांत आपण भाडेकरू असतों. येथें घरमालक होतों.

कर्जत-खालापूरच्या वाचकांस तरी हें तत्त्व परकें वाटूं नये. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. चढ सदतीस फुटांस एक फूट. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतेस मागून जास्तीचीं इंजिनें लावतात व घाट चढल्यावर सोडतात. तेवढ्यासाठीं मूळ इंजिन कोणी मोडीत काढीत नाहीं. आणि जुनें म्हणजे टाकाऊ, असें ज्यांस वाटतें त्यांनीं खोपोलीचें टाटांचें वीजगृह पाहावें. तें १९१५ सालचें. आंतील यंत्रें पालटलीं, पण घाटमाथ्याचें पाणी खालीं आणून वीज करण्याची योजना तीच आहे.

पण उपमांनीं वाद जिंकतां येत नाहीं. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. वयाच्या चौदाव्या वर्षीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. पुण्यास गणित व मुंबईच्या आय. आय. टी.त संगणकशास्त्र शिकून त्यांनीं १९९४ सालीं कॉर्नेल येथें डॉक्टरेट मिळविली, आणि १९९५ सालीं ईमॅक्सस्पीक प्रसिद्ध केलें. पडद्यावरील अक्षरें वाचून दाखविणारीं साधनें त्यापूर्वींहि होतीं. परंतु त्या अक्षरांचा अर्थ त्यांना ठाऊक नसे. ईमॅक्समध्यें मूळ आज्ञेस धक्का न लावतां तिच्या मागेंपुढें आपलें कार्य जोडण्याची सोय आहे. रामन यांनीं तिच्या बळावर आज्ञांना वाणी दिली. प्रोग्रॅममधील टीप कोणती व आज्ञा कोणती, हें बदलत्या आवाजावरून कळूं लागलें. हें कर्जतेचें मागलें इंजिनच नव्हे काय? त्यांना कोणत्याहि कारखानदाराची परवानगी मागावी लागली नाहीं. ‘जसें येईल तसें वापरा’ हें वचन त्यांनीं पाळलें असतें, तर लाभ कोणाचा झाला असता?

प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. दुसऱ्याच्या हजार ओळी न समजतां उतरून घेणारे व रंग बदलीत रात्र घालविणारे उल्लू लोक आहेत. पण तो दोष त्यांचा, साधनाचा नव्हे. एकच अडचण तिसऱ्यांदां आली म्हणजे तिच्यासाठीं दहा ओळी लिहाव्या, एवढें पथ्य पुरे आहे.

‘नवे संपादक सर्व सोयी आयत्या देतात,’ हें दुसरें म्हणणें. देतात, आणि नेतातहि! गिटहबनें मोठ्या गाजावाजानें चालविलेला ॲटम २०२२ च्या डिसेंबरांत बंद झाला व त्यावर मेहनत घेतलेल्यांस पुन्हां श्रीगणेशा करावा लागला. उलट, मायक्रोसॉफ्टनें आपल्या संपादकासाठीं आंखलेली भाषासेवेची संकेतपद्धति ईमॅक्सनें २०२३ सालच्या २९ व्या आवृत्तींत आपल्या पोटांत घेतली. आतां यंत्रच प्रोग्रॅम लिहितें, मग संपादक कशाला, असेंहि कोणी विचारतात. यंत्रानें लिहिलेलें तपासणार कोण? लिहिणें कमी झालें तर पारखणें वाढतें, आणि पारखणाऱ्यास चांगलें साधन अधिकच लागतें.

कर्जत वा खोपोलीहून पहाटेची लोकल धरून शिकावयास जाणाऱ्या मुलापाशीं महाग यंत्र नसतें, गाडींत जाळें धड मिळत नाहीं. ईमॅक्सला दाम पडत नाहीं. तें जुन्या यंत्रावर, जाळ्यावांचून चालतें. आणि देवनागरी लिहिण्याची सोय त्यांत अंगचीच आहे. म्हणून पालकांस एवढीच विनंति कीं, मुलगा वा मुलगी अशा साधनाशीं खटपट करीत असतां ‘हा कसला रिकामा उद्योग?’ असें म्हणण्याची घाई करूं नये. दुसऱ्यानें दिलेल्या कळा दाबणारे नोकर आपल्याकडे पुष्कळ झाले. हत्यार उघडून पाहण्याची ज्याला भीति वाटत नाहीं असा कारागीर घरांत तयार होत असेल, तर त्याच्या आड येऊं नये.