पिना तितक्याच, बोली वेगळी

चेन्नईचे अंबत्तूर म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या भोसरीसारखे गाव. १९४९ साली इथे सायकलींचा कारखाना निघाला, १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत झाली. अशा वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांत जुन्या यंत्राचा मेंदू म्हणजे एका पाटीवर बसवलेला अख्खा संगणक असतो. प्रोसेसर, मेमरी, जोडण्या, सारे एकाच कार्डावर. ते कार्ड बंद पडले की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग कोणीतरी सुचवतो, "अहो, तसलीच दुसरी चिप बसवा की!"

तसलीच म्हणजे कसली? इंटेलची ८०८५ आणि झायलॉगची झेड-८० या दोन्ही चिपा १९७६ च्या. दोघींना ४० पिना, दोघींना ५ व्होल्ट. दोघी जुन्या ८०८० च्या आज्ञा समजतात, म्हणून त्या बहिणी वाटतात. पण ८०८५ ला '२०' हा आकडा दिला, तर ती बाहेरून आलेल्या सूचनांची स्थिती वाचते. झेड-८० त्याच आकड्याचा अर्थ 'अट जुळली तर पुढे उडी मार' असा घेते आणि त्यापुढचा आकडा उडीचे अंतर समजून गिळून टाकते! कार्यक्रम भलतीकडेच भरकटतो.

हे झाले बोलीचे. तारांची गोष्ट आणखी वाईट. ८०८५ मध्ये पत्त्याच्या निम्म्या तारा आणि माहितीच्या तारा एकच; आधी पत्ता, मग माहिती, अशी पाळी लागते. झेड-८० मध्ये त्या वेगवेगळ्या. वीजसुद्धा एकीला ४० व्या पिनेवर लागते, दुसरीला ११ व्या. सॉकेटात नीट बसली म्हणून चिप चालेलच असे नाही, जळूही शकते.

आजच्या मुलांच्या हातातली रास्पबेरी पाय याच जातीची पाटी. २०१५ च्या दुसऱ्या पिढीसाठी बांधलेला कार्यक्रम २०१२ च्या पहिल्या पाटीवर 'ही आज्ञा मला ठाऊक नाही' म्हणून थांबू शकतो. तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या. जुन्या कार्डाचा ५ व्होल्टचा संकेत थेट जोडला, तर नवी पाटीही हातची जाते. मधे व्होल्ट उतरवणारे सर्किट हवेच.

तेव्हा यंत्र चालू आहे तोवरच चिपेवरचा पूर्ण क्रमांक वहीत लिहून ठेवा. कार्यक्रम साठवलेल्या ईप्रॉमची एक प्रत जाणकाराकडून काढून घ्या. चिप बाजारात कधी ना कधी सापडते, तुमच्या यंत्राचा कार्यक्रम मात्र दुकानात मिळत नाही. आणि त्या ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर चिकटवलेला कागद कोणी साफसफाईच्या भरात काढू नये. उघड्या उन्हात आठवडाभरात ती कोरी होऊ शकते.